टाकीचा तळ

माझा नवरा समाधान याच्या हृदयाचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंच्या हातून माशांच्या टाकीत दगड निसटला. टाकी धुवायची अवदसा त्यांना तेव्हाच का आठवली, ते देवच जाणे. तळाच्या काचेला हातभर चीर गेली आणि पाणी थेंबथेंब खालच्या टेबलावर उतरायला लागलं.

आत्या मटकन खाली बसल्या. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. रहाटणीच्या आमच्या घरात ती टाकी काही शोभेची नव्हती. वास्तूवाल्याने सांगून ईशान्येच्या कोपऱ्यात बसवलेली, त्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. घरावर संकट आलं की काळा मासा ते स्वतःवर घेतो, तो मरतो आणि माणूस वाचतं, असं त्याचं शास्त्र. मात्र तो आपोआप मरायला हवा. माणसाने मारला तर सगळं उलटतं. मी असल्या गोष्टींना तोंडावर हसणारी बाई. चाकणच्या कंपनीत गाड्यांचे हेडलाइट चिकटवते. चिकटतं ते सिलिकॉनने, नवसाने नाही, असं आत्यांना कितीदा तरी ऐकवलेलं.

मासे बादलीत काढले, हवेचा पंप त्यात सोडला. नवीन काच बसवायला टाकीवाल्याने पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. आत्यांना तेवढा दम कुठला. समाधानला आत घेतील तेव्हा कोपरा रिकामा नको, हे एकच टुमणं. शेवटी मीच म्हटलं, तळाला आतून प्लास्टिकची शीट चिकटवते.

खरं तर मलाच हाताला काम हवं होतं. दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देत होते, आणि पळापळीला पुरुष माणूस हवा म्हणून तिथे माझे दीर, खंडूभाऊजी. बायको मी, आणि मला घरी बसवलेलं, आत्यांचा बीपी सांभाळायला. तो सगळा राग मी काचेवर काढला. शेवाळ ब्लेडने खरवडलं, काच कोरडी करून स्पिरिटने पुसली. गुळगुळीत प्लास्टिकला सिलिकॉन नीट धरत नाही, म्हणून शीट पॉलिश पेपरने घासून खरखरीत केली. चिरेवर आणि कडांना सिलिकॉन सोडलं, शीट दाबून बसवली, वर वरवंटा आणि डाळीचे डबे ठेवले. घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला. त्या वासातच आम्ही दोघी पडून राहिलो. झोप कुणालाच लागली नाही.

सकाळी कडा वरून सुकल्या होत्या. आत्या आंघोळ करून पाण्याची कळशी घेऊनच उभ्या. मी त्यांना समजावलं, की शीटखाली हवा जात नाही, तिथलं सिलिकॉन अजून ओलंच आहे. त्यातलं आम्ल पाण्यात उतरतं. टाकी बरेच दिवस कोरडी ठेवायला लागेल.

"आन् न्हाई ठिवली तर?" आत्यांनी विचारलं.

"मासे मरतील."

"कुनी हात न लावता?"

मी वैतागून हो म्हटलं. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं. तेवढ्यात तो वाजला. समाधानला आत नेलं होतं. जाताना त्याने माझं नाव घेतलं, असं खंडूभाऊजी म्हणाले. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

बाहेर आले तर टाकी निम्मी भरलेली. वरवंटा, डबे खाली काढून ठेवलेले. आत एकटा काळा मासा होता. आठही सोनेरी मासे बादलीतच फिरत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय केलंत म्हणून मी ओरडलेच. आत्या शांतपणे म्हणाल्या, की त्यांनी फक्त पाणी ओतलं, माशाला हात लावलेला नाही, तांब्याने सोडला.

मासा वर आला होता. पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होता, खाली जात होता, पुन्हा वर येत होता. मी जाळी उचलून पाण्यात घातली, तशी आत्यांनी माझं मनगट धरलं.

"छाती उघडी टाकून पडलंय माजं लेकरू," त्या म्हणाल्या. "त्यो मासा हाय, दिपाली. ऱ्हाऊ दे."

आत्यांच्या हातात जोर तो कितीसा. झटकला असता तर सुटलाच असता. मासा तर आपल्या पायाने यावा तसा जाळीत येऊन बसला होता. नुसती वर उचलायची होती. पण मी उचलली, आणि त्यानंतर भलता फोन आला तर? माझं सगळं हसणं त्या घटकेला कुठे गेलं, कुणास ठाऊक. मला माझा नवरा हवा होता. मी जाळी तिरकी केली, मासा पाण्यात सोडला आणि रिकामी जाळी बाहेर काढली.

आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो, एकमेकींकडे न बघता. मासा हळूहळू कलला. पोट वर आलं तेव्हा आत्यांनी हात जोडून कपाळाला लावले. मीही जोडले. फोन त्यानंतर आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

समाधान घरी आला तोवर मी शीट उचकटून टाकली होती. तळाला नवी काच बसली होती, नवा काळा मासाही आला होता. जुन्याची गोष्ट आत्यांनी गल्लीभर सांगितली. भेटायला येणारे आधी टाकीला नमस्कार करत, मग समाधानला तब्येत विचारत.

एका दुपारी समाधान खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. छातीवरची पट्टी अजून तशीच होती. म्हणाला, "तू तर असलं काही मानत नाहीस. तू खरं सांग. तो कसा मेला?"

कोपऱ्यात आत्या मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आपोआप," मी म्हणाले, आणि त्याच्या गोळ्या आणायला आत गेले.