खापरावर तपासलेला हात

मुलांनो, उजवा हात पुढे करा. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तळव्याकडे वाकवा. आता समजा, ती तिथेच अडकली. ओढूनही सरळ होत नाहीत. अशा हाताने तोंड धुवून पाहा. करंगळी नाकात जाते.

१९८८ साली धरणगावच्या कमलबाईंचा हात असाच झाला होता. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत परातीएवढा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा, यात त्या पटाईत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी त्यांचेच मांडे मागत. आता मांडा वाकड्या बोटांत अडकून फाटू लागला.

दीड वर्षापूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी सांगितले होते, "आत्ता काही करायला नको. दर महिन्याला तळहात सपाट जागेवर ठेवून पाहा. बसेनासा झाला की लगेच या."

कमलबाईंनी ते पाळले. भावाची मुलगी सुगंधा, वय दहा, दर महिन्याला कॅलेंडरवर 'बसला' असे लिही. अठरा वेळा लिहिले.

तरी मांडे फाटू लागले, म्हणून दोघी जळगावला गेल्या. डॉक्टर हात बघून म्हणाले, "हा टेबलावर बसत होता?"

"टेबल कोना घर शे, डॉक्टर? मी खापरवर ठेवस."

"खापर फुगीर असतं, कमलबाई."

"म्हनीसनच चांगला बसस."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग सावकाश समजावले. "याला डुपुट्रेनचा आजार म्हणतात. कातडीखालचा पडदा जाड होऊन त्याची दोरी झाली आहे. तेल चोळून ती जात नाही. काही ठिकाणी सुईने तोडतात, पण ती पुन्हा लवकर आवळते, आणि इथे ती सोय नाही. ऑपरेशन करून काढता येईल. नंतर महिना-दीड महिना जखम, रोज बोटांचा व्यायाम, झोपताना फळी बांधायची. नस दुखावण्याचा धोका आहे. करंगळी पूर्ण सरळ होईलच असं नाही."

"आन काहीच नही करं तर?"

"सांधा आखडेल. मग ऑपरेशननेही उघडणार नाही."

"मंग आखाजी झाल्यावर करू."

"आखाजीनंतर लग्नं, मग पेरण्या, मग श्रावण. दीड वर्ष असंच गेलं."

कमलबाईंनी बोटांवर दिवस मोजले. आखाजी दीड महिन्यावर होती.

"फुई," सुगंधा आत्याला म्हणाली, "यंदा मांडा मी करसू."

"तू? तुनी पोयी गाढवना कानसारखी व्हस."

"कान तर कान. खाता तर येस."

कमलबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे. "डॉक्टर, तारीख लिखा. पन हिनं तोंड बंद करानं औषध बी द्या."

"ते माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले आणि तारीख लिहिली.

एसटीतून उतरून घरी येताच सुगंधाने परात ओढली, पीठ चाळले, कणीक तिंबली आणि पहिला मांडा हातांवर घेतला. तो कोपरापर्यंत लोंबला आणि फाटला. तिने तो गोळा केला आणि पुन्हा तिंबायला बसली.