माझ्यापुरता त्याग

गोऱ्या, तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. रविवारी सुवर्णाताईच्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि गॉडफादर कोण, तर मी! म्हणजे बघ, बाळाला बोलता येत नाही, तर पाद्रीसाहेब विचारणार, "सैतानाचा त्याग करतोस का?" आणि बाळाच्या वतीने मी म्हणायचं, "करतो." बस, एवढंच काम. पोपटालाही जमलं असतं.

पण मी पडलो विचारवंत! कॉलेजच्या वक्तृत्वात उत्तेजनार्थ मिळाल्यापासून मला वाटतं, देवसुद्धा माझ्याशी जपून बोलतो. शनिवारी पाद्रीसाहेबांनी समजावून सांगायला बोलावलं, तर मीच त्यांना समजवायला लागलो. म्हटलं, "साहेब, फळ खाल्लं आदामाने, आणि पाप या चार महिन्यांच्या पोरीला? हिने अजून वरणाचं पाणी चाखलं नाही. आणि सैतान आधी देवदूतच होता ना? त्याला ना आई ना बाप. मग त्याला पाप कोणाकडून मिळालं? तो आपल्या मनाने पडू शकतो, तर माणसालाच वारसा कशाला पाहिजे?"

साहेबांनी शांतपणे चहा बशीत ओतला. मी मनातल्या मनात ढाल घेऊन स्टेजवरून उतरत होतो.

"प्रश्न चांगला आहे रे," ते म्हणाले. "मलाही पडला होता. पुरतं उत्तर अजून नाही सापडलं. पण उद्या मनापासून म्हणवणार नसेल तर आत्ताच सांग. तुझ्या चुलतभावाला, समर्थला, उभं करू."

समर्थला? आणि मी मागून आणलेला ब्लेझर? म्हटलं, "नाही नाही, म्हणतो की!" हे आमचं तत्त्वज्ञान.

घरी आल्यावर सगळं भाषण ताईला पुन्हा ऐकवलं, हातवारे करून. ती कणीक मळत होती. "लेकरू कोरंच येतं गं, पापबिप काही नसतं त्याच्यात," मी म्हटलं, तशी ती थांबली.

"मग आपली पहिली?"

गोऱ्या, माझ्या डोक्यातच नव्हतं रे. तिची पहिली मुलगी दवाखान्यातच गेली, बाप्तिस्म्याआधी. तेव्हापासून तिच्या सासूबाई, दिंडोरीच्या चंद्रभागाबाई, उठता-बसता ऐकवतात, "पाणी न घेता गेली, पाप घेऊन गेली."

"ती पण कोरीच गेली ना?" ताईने विचारलं.

"अगदी."

"मग उद्या सासूबाईंसमोर हिच्या वतीने त्याग करून याच्या उलटं बोलशील?"

मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

रविवारी चर्च भरलेलं. ब्लेझरच्या बाह्या बोटांपर्यंत, हातात बाळ, बाळाने माझं बटण तोंडात घातलेलं. साहेबांनी विचारलं, "या बालकाच्या वतीने तू सैतानाचा त्याग करतोस का?" एका बाजूला चंद्रभागाबाई, डोळे मिटून. दुसरीकडे ताई. तिचे उघडे, माझ्यावर.

आणि मी म्हटलं, आवाज असा चिरकलेला की बाळ दचकलं, "मी माझ्यापुरता करतो, साहेब. मला गरज आहे. हिच्यात काही नाही. हिच्या बहिणीतही नव्हतं."

एवढ्यात समर्थने फ्लॅश मारला. माझं तोंड उघडंच! रोल धुतल्यावर बघ, देवदूत पडताना असाच दिसत असेल.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं आणि बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. चंद्रभागाबाई मटणाला हात न लावता दिंडोरीच्या एसटीत बसल्या, दाजी डबा घेऊन त्यांच्या मागे पळाले. "असला बाप्तिस्मा आम्ही धरत नाही," असं बजावून गेल्यात, "पुढच्या रविवारी नीट करा, तोवर पोरीला घरी आणायचं नाही." आई माझ्याशी बोलत नाही. ताईने मला दोनदा वाढलं आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत बसली.

आता बोल. माझ्या जागी तू असतास, बाळ हातात, ताई समोर, तर तू काय केलं असतंस?