सरकारचा पाट

चोवीस वर्षं मी पेणला महिपतीशेठच्या रंगाच्या दुकानात हिशेब लिहितोय. रोज सकाळी रोह्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी तिनेच परत. हमरापूरच्या गणपती कारखान्यांना लागणारा रंग, ब्रश, प्लास्टर, सगळं आमच्याकडे मिळतं. एवढ्या वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड सापडली तर दाखवा. मी स्वभावाने तिरसट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे, वही तर सरळ आहे.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये शेठने कॉम्प्युटर आणला. सोबत हिशेबाचा प्रोग्रॅम आला आणि तो चालवायला ऋतुजा आली. हमरापूरची पोर, बाप मूर्तिकार, पनवेलला सहा महिन्यांचा कोर्स केलेला. मला ती आवडली नाही. खरं सांगायचं तर तिच्यात नावडण्यासारखं काहीच नव्हतं, हेच मला जास्त लागलं. मी सांगायचं आणि तिने मशीनमध्ये भरायचं, असं ठरलं.

फेब्रुवारीत एका दुपारी शेठने सहज म्हणून डिसेंबरपर्यंतच्या विक्रीचा हिशेब पडद्यावर काढायला लावला. तिथे लिहून आलं, विक्रीकर देणे, अठ्ठावीस हजार सहाशे चाळीस. टॅक्सची रोकड दर तीन महिन्यांनी तो माझ्या हातात द्यायचा आणि बँकेत चलन मीच भरायचो. शेठने चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"कमळाकर, टॅक्सचे पैसे भरलेस ना?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता. भरले, एवढंच म्हणालो, पिशवी उचलली आणि वेळेआधी स्टेशनवर जाऊन बसलो. राग आला होता आणि रडूही येत होतं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाने स्टेशनच्या बाकावर बसून डोळे पुसणं काही बरं दिसत नाही, पण पुसले.

चलनं रोह्याला माझ्या घरीच असतात. दुकानात रंगाच्या डब्यांमागे उंदरांचा सुळसुळाट, एका वर्षी त्यांनी अर्धी फाईल फस्त केली. तेव्हापासून इंदुबाई, म्हणजे आमची ही, ती चलनं रेशनकार्डाच्या डब्यात सांभाळते. मी तिला झालेलं सगळं सांगितलं. तिने डबा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही अठ्ठावीस हजार खाल्ले असते तर निदान ही गळकी कौलं तरी बदलली असती." मग मला हसू आलं, आणि चार घासही पोटात गेले.

सकाळी दुकानात शिरलो तो तडक गल्ल्यापाशी. बँकेचे शिक्के मारलेली तीन चलनं शेठपुढे ठेवली. अकरा हजार दोनशे साठ, चौदा हजार पस्तीस, तीन हजार तीनशे पंचेचाळीस. शेठने कागदावर बेरीज मांडली. अठ्ठावीस हजार सहाशे चाळीस. पडद्यावरचा आकडा, रुपयाचाही फरक नाही.

शेठचा चेहरा उतरला, आणि मग एकदम मोकळा झाला. म्हणजे घोळ या पोरीचा, तो म्हणाला. मशीन येत नसेल तर उद्यापासून यायची गरज नाही, असंही त्याने तिला सांगून टाकलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता आपला थाट दाखवावा म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि ही तीन चलनं कुठे भरलीस ते दाखव म्हटलं.

तिने दाखवलं. तिन्ही चलनं खर्चाच्या खात्यात. विजेचं बिल, हमाली, त्याच रांगेत विक्रीकर.

मला आठवलं. पहिलं चलन भरलं त्या दिवशी तिने विचारलं होतं, काका, हे खर्चात कसं येईल? आणि मी म्हणालो होतो, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे खर्चातच लिहितोय.

"तेव्हा तुझ्या मनात काय होतं?" मी हळूच विचारलं.

"काका, आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक आपला पाट आणून देतो. त्यावर त्याचं नाव असतं. मूर्ती त्याच पाटावर होते. मग चतुर्थीला तो घेऊन जातो. मूर्ती आमच्या घरात असते, पन आमची नाय. तो घेऊन गेला म्हणून आमचा खर्च झाला असं कोन लिहितं? टॅक्स पन तसाच हाय. मशीन बिल बनवतानाच तो सरकारच्या पाटावर ठेवतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वहीत आम्ही बिलाची सगळी रक्कम विक्रीत धरायचो, म्हणून भरलेला टॅक्स खर्चात टाकला की गणित जुळायचं. इथे मशीन टॅक्स आधीच वेगळा काढतं. मी पैसे भरले, पण पाटावरचं काही उचललं नाही. त्यामुळे देणं तसंच उभं आणि नफाही तेवढ्याने कमी.

पोर मान खाली घालून बसली होती. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. माझं नाव तर आता साफच होतं. मी उठलो.

"शेठ, चूक माझी हाय. हिने विचारलं होतं, मी दटावलं."

चोवीस वर्षांत हे वाक्य मी त्या दुकानात पहिल्यांदा बोललो. ऋतुजाने तिन्ही नोंदी खर्चातून काढल्या आणि सरकारच्या देण्यासमोर मांडल्या. पडद्यावर शून्य आलं. इतकं गोंडस शून्य मी आजवर पाहिलं नव्हतं. शेठने तीन चहा मागवले आणि उद्या वेळेवर ये, असं पोरीला सांगितलं.

चहा झाल्यावर मी चलनं त्याच्या गल्ल्यात ठेवायला गेलो. म्हटलं, यापुढे तुमच्याकडेच असू द्या, म्हणजे विचारायची वेळ येणार नाही. हे मी टोचून बोललो होतो, खोटं कशाला सांगू.

शेठने ती तिन्ही चलनं नीट घडी घालून स्वतः माझ्या खिशात ठेवली.

"घरीच ठेव," तो म्हणाला. "इथं उंदीर हायत."