राजसची उलटी जॉयस्टिक

माणूस जातो, पण त्यानं दाखवलेली दिशा कायम राहते, असं मुख्याध्यापक शोकसभेत म्हणाले. राजसच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. त्यानं शाळेच्या रोबोला जी दिशा लावून ठेवली होती ती कायम होती. फक्त ती उलटी होती. जॉयस्टिक पुढे ढकलली की रोबो मागे यायचा, आणि मागे ओढली की समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचा.

राजस नववीत होता. ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेला. त्याची आई मीनाक्षी त्याच शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे शोकसभेला तिला दोन्ही नात्यांनी हजर राहावं लागलं. सभा संपल्यावर सातवी ब वर तास होता, तोही तिनं घेतला.

त्या सभेत रोबोटिक्सचे उदयसिंह सर बोलायला उभे राहिले. सर मूळचे खेळाचे शिक्षक. रोबोटिक्स त्यांच्याकडे आलं, कारण प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असायची. ते म्हणाले, "पायलट दांडी मागे ओढतो तेव्हा विमान वर जातं. राजसनं आपल्या रोबोला पायलटची जॉयस्टिक लावली होती. पोराचं स्वप्नच होतं ते!" सभागृहात रुमाल निघाले. राजसच्या प्रोग्रॅममधलं एक अक्षरही कुणी बदलायचं नाही, असं मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. रोबोला हार घातला गेला. हाराचा दोरा चाकात गुंतला, तो शिवकुमार दुसऱ्या दिवशी चिमट्यानं उपसत बसला होता. रोबो बांधताना राजसबरोबर तोच असायचा.

"राजसला पायलट व्हायचं होतं?" मीनाक्षीच्या नवऱ्यानं, नृसिंहनं, घरी विचारलं. "जत्रेतल्या पाळण्यात बसायला घाबरायचा की तो."

"होतं," मीनाक्षी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नसेल."

तिलाही सांगितलं नव्हतं. पण भेटायला येणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं, आणि ताप आला, प्लेटलेट उतरल्या, गेला, हे फार लवकर सांगून संपतं. पायलटचं चहा होईपर्यंत पुरायचं. दिवाळीपर्यंत त्यात गच्चीवर उभा राहून विमानं मोजणारा राजसही आला. कोल्हापूरला विमानं येऊन येणार किती, त्यामुळे मोजणीत चुकायचा धोका नव्हता.

रोबो चालवायचं काम दानेश्वरीकडे आलं. ती शिरोळकडची, इथं आत्याकडे राहून शिकणारी. वडील उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना मागे उभी राहून हात दाखवणारी मुलगी. दिशांच्या बाबतीत तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. तरी रोबो तिला दाद देईना.

सांगलीच्या रोबो स्पर्धेआधीच्या शनिवारी मीनाक्षी पोरांसाठी भडंग घेऊन प्रयोगशाळेत गेली. उदयसिंह सर नडगी धरून स्टुलावर बसले होते. रोबो त्यांच्या पायाशी होता आणि दानेश्वरी रडत होती.

"मॅडम, मला जमंना झालंय. डोकं म्हणतंय पुढं, हात म्हणतोय पुढं, आन् ह्यो मागं येतोय. बदलूया की हे."

"बदलायचं न्हाय," सर नडगी चोळत म्हणाले. "राजसची आठवण हाय ती. पायलट लोकांना जमतंय, तुला का जमंना?"

"मग पायलटलाच बोलवा की चालवायला!"

कुणी हसलं नाही. शिवकुमार भडंगातले शेंगदाणे निवडत होता. तो मान वर न करताच म्हणाला, "आठवण न्हाय सर ती. चूक हाय."

"काय बोलतोस?"

"दोन्ही मोटरी समोरासमोर बसवल्यात, म्हणून एक उलटी फिरवायला लागतीय. तेवढं केलतं त्यानं. पण जॉयस्टिक पुढं ढकलली की आकडा उणे येतोय. तो सुलटा करायला प्रोग्रॅममध्ये अजून एक उणे टाकायला लागतंय. ते ऱ्हायलं. पहिल्यांदा चालवला तवाच दारावर आपटला. लई हसला राजस. म्हणला, डोकं दुखायलंय रे, उद्या टाकतो."

"मग इतके दिवस गप का बसलास?"

"तुमी हार घातल्यावर कसं बोलायचं?"

सगळे मीनाक्षीकडे बघायला लागले. तिनं नको म्हटलं असतं तर कुणी हात लावला नसता. दानेश्वरीनं डोळे पुसून रोबो पुन्हा भिंतींवर आदळला असता. पायलट तिच्या हातात होता. ठेवायचा की सोडायचा, एवढंच होतं.

पण 'उद्या टाकतो' हे तिला ऐकू आलं होतं, आणि ते त्याच्याच आवाजात. भूगोलाची वही उद्या. नखं उद्या. सायकलची हवा उद्या. चार महिने ती ज्याच्याबद्दल लोकांना सांगत होती तो कोण होता कुणास ठाऊक. हा मात्र तिचा होता.

"दे जरा," ती म्हणाली.

दानेश्वरीनं रिमोट दिला. शिवकुमारनं रोबो तिच्याकडे पाठ करून खोलीच्या मध्यावर ठेवला. मीनाक्षीनं जॉयस्टिक पुढे ढकलली. रोबो मागे मागे येत तिच्या पायाशी आला आणि चपलेला टेकला. तिनं अंगठा काढला नाही. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, फरशीवर घासत.

"मॅडम, मोटर तापंल," शिवकुमार हळूच म्हणाला.

तिनं अंगठा उचलला.

"टाक ते उणे."

त्यानं टाकलं. एक बटण दाबायचं काम होतं. मीनाक्षीनं पुन्हा जॉयस्टिक पुढे ढकलली आणि रोबो तिच्यापासून सरळ लांब गेला, पार समोरच्या बाकापर्यंत.

"आता बराब्बर हाय," दानेश्वरी म्हणाली.

"हो," मीनाक्षी म्हणाली, आणि रिमोट तिच्या हातात देऊन भडंगाचा डबा न घेताच बाहेर पडली.

सांगलीत रोबो सरळ पुढे गेला. पहिल्याच फेरीत बॅटरीची वायर निसटली आणि टीम बाद झाली.