एका सुराच्या नगाऱ्याची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे आणि मला जवळजवळ सगळ्याची किळस येते. हे आधीच सांगितलेलं बरं. कुणी जेवता जेवता वाचत असेल तर ताट जरा बाजूला सारा.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. तिथे फायबरग्लासचे आंघोळीचे टब बनत आणि उरलेल्या मालातून नगारे. माझा सख्खा भाऊ टब झाला. तो मिलवॉकीच्या एका दंतवैद्याकडे लागला. रोज गरम पाणी, सुगंधी साबण, रविवारी फेस. मी पोर्ट कॅसिमिरच्या पथकात लागलो. नशीब एकेकाचं.

पोर्ट कॅसिमिर हे विस्कॉन्सिनमधलं तळ्याकाठचं गाव. मटार डबाबंद करण्याचा कारखाना, एक पोलिश चर्च आणि एक ढोल-बिगुल पथक. पथकाचं नाव 'हेरन्स', म्हणजे बगळे. उन्हाळ्यात अशा पथकांच्या स्पर्धा होत. फुटबॉलच्या मैदानावर चालत चालत वाजवायचं आणि परीक्षकांनी गुण द्यायचे, असा सगळा मामला. आमच्याकडे निवड वगैरे भानगड नव्हती. ज्याला मान आहे त्याला नगारा, ज्याला ओठ आहेत त्याला बिगुल आणि ज्याच्या दोन्हींचा भरवसा नाही त्याला झेंडा.

आम्ही नगारे पाच. पाचांना पाच सूर. माझा पंचम. साधी चाल वाजवायची झाली तरी पाच पोरांनी आपापला सूर आपापल्या वेळी मारायचा. मला गळ्यात अडकवून फिरणारी मुलगी म्हणजे बर्नाडेट कुलास, बेकरीवाल्याची थोरली. सगळे तिला बर्नी म्हणत. अख्खा उन्हाळा ती एकच सूर वाजवी. आजीने कौतुकाने विचारलं, "काय शिकलीस गं यंदा?" तर ती म्हणे, "पंचम." पुढच्या वर्षी आजीने पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

बर्नी चालायची म्हणजे शिडी जिना उतरल्यासारखी. माझा काठ तिच्या मांड्यांवर आपटे. तिचा घाम माझ्यावर, हॉट डॉगची मोहरी माझ्यावर, आणि एकदा परेडमध्ये घोड्यानेही आपलं मत माझ्यावर नोंदवलं. परीक्षक तेव्हा मैदानात आमच्यामध्येच फिरत. चूक दिसली की कागदावर रेघ, रेघेमागे दशांश गुण कमी. एक परीक्षक तर ऐकण्यासाठी कान माझ्या पडद्याला टेकवत असे. त्या कानात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. लहान मुलंही वाचतात.

चुकायची भीती म्हणून सगळे सोपं वाजवत. सोपं वाजवूनही चुकत. पण कुंपणाला लागून अख्खं गाव उभं असे आणि बर्नीने पंचम मारला की तिचे बाबा ओरडत, "ती बघा! ती आमची!" मला तेव्हाही किळस यायची, पण जरा कमी.

मग नियम बदलले. नगारे गळ्यात घ्यायची गरज नाही, मैदानाच्या कडेला मांडून ठेवा. एकच वादक चार नगारे वाजवू लागला, पायाने दाबून सूर बदलू लागला. मला पायपट्टी नव्हती. मी जादा ठरलो. पुढे कडेला लाकडी पट्ट्यांची वाद्यं आली. बिगुलांना जास्तीच्या कळा आल्या आणि त्यांना सगळे सूर येऊ लागले. मग माइक आले. शेवटी एक विजेची पेटी आली. तिचं एक बटण दाबलं की ढगांचा गडगडाट होतो. एक बोट! ज्या आवाजासाठी पाच पोरांच्या माना मोडल्या, तो आता एका बोटाने. थू!

माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. पथकासाठी देणग्या गोळा करायच्या असल्या की विस्कॉन्सिनमध्ये सॉसेज भाजतात, आणि भाजण्याआधी ती बिअर आणि कांद्यात भिजवतात. कशात? माझ्यात. पडदा काढला, तळाच्या भोकाला कुणीतरी चघळलेलं च्युइंग गम लावलं आणि मी भांडं झालो. ते गम द्राक्षाच्या चवीचं होतं. हे मला माहीत असायला नको होतं.

चाळीसेक वर्षं अशी गेली. बर्नी म्हातारी झाली, बेकरी विकली आणि पथकाच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर आली. पथकात आता गावचं एकही पोर नव्हतं. टेक्सासहून, ओरेगॉनहून पोरं चित्रफिती पाठवून निवडली जात. उन्हाळाभर शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपत आणि दिवसभर उन्हात सराव करत. टोप्या गेल्या, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आले. पळत, लोळत, एका पायावर गिरकी घेत वाजवायचं. मला हे पाहवत नसे. पण मी ट्रकच्या दारात होतो आणि मला मान फिरवता येत नाही.

मग एका मे महिन्यात ओरालिया ट्रेविनो नावाची मुलगी भांडी घासायच्या पाळीवर आली. ट्रम्पेट वाजवायची. लहानखुरी, टेक्सासच्या सीमेवरची. बावीस वर्षं पूर्ण झाली की पथकातून कायमचं बाहेर, असा नियम आहे. तिचा हा शेवटचा उन्हाळा होता.

"आमच्या वेळी हे धूड गळ्यात घालून मैदान पालथं घालायचो आम्ही," बर्नी सॉसेज उलटत म्हणाली. "वायर नाही, बटण नाही. तुम्ही पोरं म्हणजे फ्यूज उडाला की मुकी."

"मिस बर्नी, तुमच्या वेळी सूर एकच होता ना?"

"एकच. पण स्वतःचा होता."

"आणि तो तरी वेळेवर लागायचा का?"

"कधीकधी," बर्नी म्हणाली. ती खोटं बोलत नाही. हा तिचा मोठा दोष आहे.

ओरालियाने हात पुसले. "घालते बघा हे गळ्यात. जसं आहे तसं, बिअरसकट. एक थेंब सांडला तर आठवडाभर भांडी मी एकटी घासीन."

"आणि नाही सांडला तर?"

"तर 'आमच्या वेळी' हे शब्द उन्हाळाभर तोंडातून काढायचे नाहीत."

जेवणाच्या रांगेतल्या पोरांनी "ऊऽऽ" केलं. बर्नीने चिमटा टेकवला. "उचल."

जुना पट्टा सापडला. मी तिच्या गळ्यात लटकलो. पोटात बिअर, कांदे आणि सॉसेजं. बाई गं, आता हिंदकळणार, असं म्हणून मी डोळे मिटले, म्हणजे नसलेले. ती निघाली. आधी सरळ, मग तिरकी, मग उलट्या पावलांनी, पळाल्यागत वेगाने. कमरेखाली रेल्वे, कमरेवर चर्च. कांद्याची एक चकती काठाशी तरंगत होती, ती काठाशीच राहिली. मैदानाचं टोक गाठून ती परतली. एक थेंब सांडला नाही.

बर्नीने आत वाकून पाहिलं, बाहेरून हात फिरवून पाहिला. "हं," ती म्हणाली. "पण ह्यात जीव कुठे आहे?"

"भांड्याखाली चिकटलाय, मिस बर्नी. घासा म्हणजे निघेल."

पोरं लोळायची बाकी राहिली. मला मात्र अपमान वाटला. इतकी वर्षं मी समजत होतो की हिंदकळणं हा माझा स्वभाव आहे.

तेवढ्यात अँसेल्म फॉग्ट तिथे आला. हा पथकाच्या कार्यक्रमांची कल्पना लढवणारा माणूस. अनवाणी फिरतो आणि थंड चहा बरणीतून पितो. त्याने मला तिच्या गळ्यात पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "अंडं."

त्या वर्षीच्या कार्यक्रमाचं नाव ठरलं 'अंड्याला पडलेला प्रश्न'. प्रश्न कोणता, ते कुणी विचारलं नाही. मला पांढरा रंग दिला, वर फोमचं झाकण बसवलं, खाली चाकं लावली. ओरालिया गुडघे कानाला लावून आत बसे. विजेची पेटी गडगडे, अंडं फुटे, ती माझ्यात उभी राहून ट्रम्पेटवर एक लांबलचक चाल वाजवी. छातीला माइक. भोवती शंभरेक पोरं पिसांच्या शेपट्या लावून, कोंबडे बनून पळत. रंगाखाली बिअर आणि कांद्याचा वास तसाच होता. ती तो रोज सहन करी. मी तिला सहन करी.

आणि मी मनोभावे प्रार्थना करी: वीज जावो.

ऑगस्टमध्ये मोठ्या शहरातल्या छताच्या स्टेडियममध्ये उपांत्य फेरी होती. पहिली बारा पथकं दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत जाणार, बाकीच्यांचा उन्हाळा तिथेच संपणार. मला ढकलायला स्वयंसेवक कमी पडले म्हणून बर्नी आली होती. बोगद्यात ओरालिया माझ्यात उतरली.

"घाबरलीस?" बर्नीने विचारलं.

"आज बारांत नाही आलो तर मी पुन्हा कधीच असं वाजवणार नाही, मिस बर्नी. कधीच म्हणजे कधीच."

"मग आजच वाजव," बर्नी म्हणाली आणि झाकण लावलं.

कार्यक्रम सुरू झाला. पळता पळता एका कोंबड्याच्या शेपटीत विजेची वायर अडकली. कोंबडा पुढे गेला. वायरही त्याच्याबरोबर गेली. आणि गडगडाट व्हायच्या नेमक्या जागी काहीच झालं नाही.

अखेर! माझी प्रार्थना पोचली! आता कुणीतरी म्हणेल, नगारा आणा! मी तयार झालो, छाती फुगवली, आणि मग लक्षात आलं की मला पडदाच नाही. मी अंडं आहे.

ओरालियाला खूण मिळाली नाही. माइकही मेला होता. तरी नेमक्या क्षणी तिने डोक्याने झाकण उडवलं, उभी राहिली आणि फुंकली. बस्स. तिचा श्वास आणि एक पितळी नळी. सूर सगळ्यात वरच्या, पॉपकॉर्न सांडलेल्या रांगेपर्यंत गेला. भोवती शंभर कोंबडे पाठ करून पळत होते, ढग नव्हता, बटण नव्हतं, तरी एकाचंही पाऊल चुकलं नाही. तिच्या सुराने माझं बूड थरथरलं. मी थरथरायला नकार दिला. तरी थरथरलं. इतकी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती.

कडेला बर्नी तोंड उघडं टाकून उभी होती. "आमच्या…" ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. मग जोरात ओरडली, "ती बघा! ती आमची!"

परीक्षक आता वर काचेमागे बसतात आणि यंत्रात बोलतात. एकाने म्हटलं, 'शांततेचा धाडसी वापर.' एकूण गुण मात्र एका दुसऱ्या पथकाला अधिक पडले. त्यांच्याकडे जळणारा किल्ला होता.

आम्ही तेरावे आलो. संध्याकाळी निकाल कळला तेव्हा पोरं गाड्यांच्या तळावर होती. शेवटचं वाजवून झाल्यावर बूट मैदानातच सोडायचे, ही या पोरांची रीत आहे. पण ओरालियाला मैदानात कोण जाऊ देणार? तिथे दुसऱ्या दिवसाची मांडणी चालू होती. ती बसच्या पायरीवर बसली, बूट काढले, थोडा वेळ मांडीवर धरले आणि उठून माझ्यात ठेवले.

"आणि जाशील काय घालून?" बर्नीने विचारलं.

"मोजे."

"वेडी की काय!" बर्नीने आपल्या रबरी चपला काढून दिल्या. त्या ओरालियाला फार मोठ्या होत्या. फटफट आवाज करत ती गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून आत्मवृत्त संपवायची पद्धत आहे. मला जपू नका. वाटल्यास परत सॉसेजं भिजवा, रंग खरवडा, नवं गम लावा. आता पोर्ट कॅसिमिरच्या कोठारात साफसफाई निघाली आहे. एक माणूस काल हातमोजे घालून आला, आत डोकावला आणि नाक धरून म्हणाला, "हे आधी फेका."

हे दोन बूट काळे आहेत, लहान आहेत, टाचा आतून झिजलेल्या आहेत. उन्हाळाभराचा घाम त्यांत मुरला आहे. वास भयंकर आहे. कृपा करून त्यांना हात लावू नका.