माझ्या तोंडावरचा झेंडूचा हार

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. एका गोळ्यात मी परक्या मुलखातलं युद्ध थांबवलं आणि अणुबॉम्बला आल्या वाटेने परत पाठवलं. नाही ना बसत विश्वास? बसणारच नाही. माझ्याच चाकांचा बसत नाही, तर तुमचा कुठून बसणार. पण आज दसरा आहे. इंदिरानगरच्या या बागेत तुम्ही सगळे नवे कपडे घालून जमला आहात. बागेच्या समितीच्या उज्वलाताई वही उघडून बसल्या आहेत, आणि मी सांगेन ते माझ्या चबुतऱ्यावर दगडात कोरलं जाणार आहे. आणि ते बघा, मांडीवर शाल-नारळ घेऊन खुर्चीत अवघडून बसलेले आजोबा. ते माझे हवालदार खंडेराव. तो गोळा त्यांनीच सोडला. सत्कार त्यांचा आहे, मी आपली निमित्ताला.

माझा जन्म भट्टीतला. लोखंड पाण्यासारखं पातळ केलं, ठोकलं, तापवलं, पुन्हा ठोकलं. इतका मार खाल्ल्यावर कोणीही मोठ्याने बोलायला लागेल, तशी मीही लागले. देवळालीच्या माळावर पहिला गोळा सोडला तेव्हा त्र्यंबकच्या डोंगरातली माकडं थेट वणीपर्यंत पळाली. त्यांची पोरं अजून मला घाबरून झाडावर झोपतात. माकडं झाडावरच झोपतात, असं कोण म्हणालं मागून? असू दे.

खंडेराव मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या घरातले. त्यांनी माझं नाव चांगुणा ठेवलं. ते त्यांच्या आजीचं नाव. तीही म्हणे एका बांधावरून बोलली की चौथ्या बांधावर ऐकू जायची. खंडेराव मला पुसत, तेल देत आणि घरच्या गोष्टी सांगत. त्यांच्या खिशात कायम झेंडूच्या बियांची पुडी असे. बदली कुठेही होवो, तंबूसमोर वीतभर जागा उकरून ते झेंडू लावत. दसऱ्याला हत्याराची पूजा करायची तर फुलं दुसऱ्याकडून कशाला मागायची, असं त्यांचं म्हणणं.

मग एके वर्षी शांतिसेनेबरोबर मला जहाजात घातलं. देशांची नावं सांगत नाही, तिथली माणसं अजून भांडतात. एक देश मोठा, त्याच्याकडे अणुबॉम्ब. एक लहान, त्याच्याकडे शेळ्या. मोठा लहानाच्या अंगावर चालून आला होता. मधे एक नदी, नदीवर पूल. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे लहान देशाचं चारशे उंबऱ्यांचं गाव. आमचं काम होतं पूल राखायचा आणि बघत राहायचं.

त्या गावातून एक आजी रोज सकाळी पूल ओलांडून शेळीचं दूध घेऊन यायची. तिची भाषा खंडेरावांना येत नव्हती, खंडेरावांची तिला. तरी दोघं तासभर बोलायची. खंडेरावांनी तिला बियांची पुडी दिली. तिने त्या दारात पेरल्या, आणि दसऱ्याच्या सकाळी दुधाच्या किटलीबरोबर ओचाभर झेंडू घेऊन आली. खंडेरावांनी स्वतः हार ओवला. माझ्या चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि तो जाडजूड हार माझ्या तोंडावर असा बांधला की नळीचं भोक दिसेनासं झालं. आजी टाळ्या वाजवत परत गेली.

दुपारी बाराच्या सुमाराला गावामागच्या टेकडीवरून मोठ्या देशाच्या तोफा सुरू झाल्या.

पहिला गोळा धान्याच्या कोठारावर पडला. छपराचे पत्रे पाखरांसारखे उडाले आणि खाली येताना माणसांवर आले. दुसऱ्याने शाळा भुईसपाट केली. पेटलेल्या गाई नदीकडे धावत सुटल्या आणि पाण्यात पडल्यावरही ओरडत राहिल्या. लोक पुलाकडे पळाले. पूल माणसांनी भरला, तेव्हा गोळा नेमका पुलावर आला. मधला तुकडा त्याच्यावरच्या सगळ्यांसकट खाली गेला. पाणी आधी लाल झालं, मग त्यावरून गाठोडी, चपला, माणसं वाहत आमच्यासमोरून जाऊ लागली. जे मागे उरले ते काठावर उभे राहून आमच्याकडे बघून हात हलवत होते. त्यांना माझी नळी दिसत होती. तोफ आहे म्हणजे ती बोलेल, असंच त्यांना वाटत असणार.

टेकडी माझ्या टप्प्यात होती. दोन गोळे, फार तर तीन, आणि तिथल्या तोफा गप्प झाल्या असत्या.

पण सकाळपासून वायरलेसवर मोठ्या देशाचा निरोप फिरत होता. बाहेरच्या कोणी या लढाईत एक जरी गोळा टाकला, तर आम्ही मोठं अस्त्र काढू आणि लहान देशाच्या डोंगरामागच्या शहरावर टाकू. त्या शहरात आठ लाख माणसं. आमच्या मुख्यालयाचाही हुकूम आला, काही झालं तरी गोळा टाकायचा नाही.

आमचे साहेब मेजर रविराज. त्यांनी हुकूम वाचला, दुर्बिणीतून पलीकडे बघितलं आणि दुर्बीण खंडेरावांच्या हातात दिली.

"हवालदार, मी तंबूत चहा घ्यायला जातोय," ते म्हणाले. "दहा मिनिटं मला काही ऐकू येणार नाही."

आणि गेले. मित्रांनो, साहेबांनी त्या दिवशी चहा घेतला नाही, एवढं मात्र मला माहीत आहे. कप तंबूबाहेर तसाच पडून होता.

राहिले खंडेराव आणि गोळा भरणारा नाथा. नाथा वणीकडचा, रेड्यासारखा दांडगा. गोळा त्याने आधीच उराशी धरला होता.

"दादा, हार काढा," तो म्हणाला. "मी भरतो."

खंडेराव दुर्बिणीतूनच बोलले. "वारा कुठनं हाय?"

"वाऱ्याचं काय काढलंय तुम्ही? माणसं मरत्यात तिथं."

"औषध फवारताना आपण वारा बघतो का नाय? आपल्या वावरात मारायचं आणि शेजारच्याची पोरं उलट्या करत बसायची. त्या शहरावर पडलं तर ते तेवढ्यावर थांबणार नाय, नाथा. वारा नेईल तिथवर जाईल."

"नुसती धमकी असंल ती. असलं कोण टाकतंय?"

"असंल धमकी. आणि नसंल तर?"

"आणि ही म्हातारी? हिचं दूध प्यालोय आपण तीन महिने."

खंडेरावांनी दुर्बीण आजीच्या दाराकडे वळवली. पलीकडे एक घर बसलं. त्याच्या दारात केशरी रंग होता, तो धुळीत दिसेनासा झाला. नाथाने गोळा तसाच धरलेला.

आणि आता ऐका मित्रांनो, इथेच गंमत आहे. उज्वलाताई, लिहा. खंडेरावांनी दुर्बीण फेकली आणि म्हणाले, भर. नाथाने गोळा भरला. हार काढायला वेळ कुठे होता! हारासकट मी गोळा सोडला. असा सोडला की नदी दोन्ही काठांना सरकून बसली. गोळा टेकडीवरच्या दारूगोळ्यात शिरला, टेकडीचं टक्कल झालं, पण गावातल्या एका शेळीलाही ओरखडा आला नाही. झेंडूची फुलं शत्रूच्या डोक्यावर पडली. त्यांना वाटलं, आकाशातून देव उतरला, आणि ते टोप्या टाकून पळाले. अणुबॉम्ब तोवर विमानात चढला होता. त्याने खिडकीतून खाली पाहिलं, मला पाहिलं, आणि वैमानिकाला म्हणाला, बाबा, मला पोटात कसंतरी होतंय, घरी चल. दुसऱ्या दिवशी आजी पोहत पोहत नदी पार करून आली, डोक्यावर दुधाची किटली, एक थेंब सांडला नाही.

हसा, हसा. त्या गोळ्यानंतर काही वर्षांनी मला निवृत्त केलं. आधी एका कोठारात गंजत पडले, मग इथे आणून बसवलं. तेव्हापासून तुम्ही माझ्यावरून घसरगुंडी करता, माझ्या नळीत वेफर्सच्या पिशव्या कोंबता. मी रागावत नाही. पण मित्रांनो, माझी थोडी निगा राखा. वर्षाला एकदा रंग द्या, पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवा. कारण ज्या तोफेने एका गोळ्यात आठ लाख आणि चारशे उंबरे, दोन्ही वाचवले, तिला...

"चांगुणा, बस कर."

खंडेराव उठले होते. त्यांनी शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला.

"हार माझ्या घरी हाय," ते म्हणाले. "देवघरात टांगलाय. पार वाळलाय, पण एक पाकळी जळलेली नाय. गोळा सुटलाच नाय."

उज्वलाताईंचं पेन थांबलं. मुलं माझ्या नळीवरून खाली उतरली.

"मी हार काढलाच नाय," खंडेराव म्हणाले. "दहा मिनिटं झाली, मग तास झाला. नाथानं गोळा खाली ठेवला आणि त्याच्यावर डोकं टेकून रडला. संध्याकाळपर्यंत पलीकडं हात हलवणारं कोणी राहिलं नाय. दुसऱ्या दिवशी म्हातारी आली नाय. बॉम्बबी पडला नाय. माझ्यामुळं पडला नाय, का पडणारच नव्हता, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाय. तू माझ्यासाठी खोटं बोलतीस, कळतं मला. पण दगडावर नको."

मग ते उज्वलाताईंकडे वळले.

"ताई, लिहायचंच असंल तर एवढं लिहा, ही तोफ त्या दिवशी वाजली नाय. चांगलं झालं का वाईट, त्याला खाली जागा मोकळी सोडा."