ठमाबाईच्या कमरेची डबी

रोडपालीत नव्या सुनेला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी कळायच्या. विहीर कुठे आहे, आणि ठमाबाईच्या गालात बोट असताना तिच्याशी बोलायचं नाही. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री ती ओट्यावर बसून तब्येतीत लावायची. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, आमच्या आळीतल्या बायकांवर मात्र मिश्रीचंच राज्य होतं. माझ्यावरही.

ठमाबाई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गायला ती नसली तर मांडव मुका. भावाची आईवेगळी पोर गोदू तिनेच वाढवली. गोदूचं लग्न वैशाखात करायचं ठरलं आणि त्याआधीच्या थंडीत ठमाबाईचा आवाज फाटला. पनवेलच्या वैद्यबुवांनी घसा पाहिला, दात पाहिले आणि म्हणाले, "मिश्री सोडा, नाहीतर गाणं सोडा."

गोदूच्या होणाऱ्या सासरी, बेलपाड्याच्या सोयऱ्यांना, हे कळलंच. त्यांचा निरोप आला, "जमत नसंल तर धवले गायला आमची हौसा हाय."

"माजी गोदू हौसाच्या गान्यावर सासरी जाईल? नाय!" म्हणत ठमाबाईने मिश्रीची डबी खाडीत भिरकावली. दुपारपर्यंत आळीतल्या प्रत्येक दारात तिचा हात पसरून झाला होता.

"डबी बुडाली, बोट तेवडं तरंगलं," तिचा नवरा बुधाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पनवेलच्या बाजारातून नवी डबी घेऊन आली, काठोकाठ भरली आणि कमरेला खोचली.

"आता सोडली," म्हणाली.

"भरलेली डबी कमरेला, आनि सोडली?" मला हसू आवरेना.

"फेकली तर दुसऱ्याच्या दारात जाते, बाय. हितं हाय तर भांडन माजं नि माजंच."

सकाळी ओट्यावर बसायच्या वेळेला ती फावडं घेऊन मिठागरात जायला लागली. तलफ आली की मीठ ओढायची. बुधाजी खूश, बायकोचं व्यसन असं आधीच सुटायला हवं होतं, म्हणायचा. आम्ही चिमूट मागितली की ती स्वतः डबी उघडून द्यायची आणि बोटं बांधावरच्या चिखलाला पुसायची. नाकाशी नेली नाहीत कधी. शिमग्याला मात्र घसरली. मांडीला मांडी लावून आमच्यात बसली आणि गालभर मिश्री लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिठागरात.

"कालचं काय, काकी?" मी विचारलं.

"घसरले तर चिखलातच बसू व्हय?"

हळदीला मांडव भरला. बेलपाड्याची हौसा पाहुणी म्हणून आलेली, पण ठमाबाईला खेटून बसली होती आणि घसा साफ करत होती. ठमाबाईने पहिलीच ओळ उचलली आणि आवाज चिरकला. हौसाने लगेच तोंड उघडलं.

ठमाबाईचा हात कमरेला गेला. संपलं, वाटलं.

तिने डबी काढली, उघडली आणि हौसापुढे धरली.

"घे, बाय. पाहुनी हायस. आदी तुजा मान."

मान कोण नाकारणार? शिवाय मिश्री ताजी होती. हौसाने चिमूट घेतली, बोट गालात गेलं. आता गालात बोट असताना गाणं कसलं!

ठमाबाईने शांतपणे झाकण लावलं आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरुवात केली. पूर्वीचा आवाज नव्हताच तो. भरड होता, मिठासारखा. पण शेवटच्या धवल्यापर्यंत तुटला नाही. जिथे रडायचं तिथे गोदू रडली, आणि हौसासुद्धा, गालातलं बोट तसंच ठेवून.

वऱ्हाड गेल्यावर ठमाबाई ओट्यावर येऊन बसली. किती रिकामी दिसत होती.

"काकी, झालं ना लगीन? आता लावा थोडी," मी म्हटलं.

तिने डबी उघडली, जरा वेळ पाहिलं आणि माझ्यापुढे केली.

"तू घे. मना नको."

"का? आता काय राह्यलं?"

"उद्या गोदूला पोरगी झाली तर तिचे धवले कोन गाईल? तू?"

आणि फावडं उचलून मिठागराकडे चालायला लागली.